लंडन ते झुरिक, दीड तास

युरोपातल्या कुठल्याही दोन मोठ्या शहरांची नावं घ्या. त्यांच्यात किती मैलांचं अंतर आणि विमानाला किती वेळ, हे मी आजही न अडखळता सांगेन. फक्त ते उत्तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं असेल, आणि सांगणारी बाई त्यातल्या एकाही शहरात गेलेली नसेल. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी माझी मद्रासपर्यंत. पण रोम ते जिनिव्हा, पॅरिस ते कोपनहेगन, हॅम्बुर्ग ते झुरिक असं कुणी म्हटलं, की आकडे अजून जिभेवर येतात. बंगळूरला जे. पी. नगरात धाकट्या मुलाकडे राहायला आल्यापासून या विद्येचा उपयोग एवढाच, की पाहुणे आले की नातू मला गाणं म्हणायला सांगावं तसे आकडे म्हणायला लावतो.

आमचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी फौजेच्या मागोमाग इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, दारात कन्नड. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला मी साउथ परेडवरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत टायपिस्ट म्हणून लागले. मल्लेश्वरमहून बसनं जायचं आणि सहाच्या आत घरी यायचं, या अटीवर परवानगी मिळाली. मुलगी विमानाच्या कचेरीत जाते म्हटल्यावर आमच्या आत्याबाईंचा समज झाला की मी हवेतच नोकरी करते. सहा महिने त्या रोज संध्याकाळी मी सुखरूप उतरले का, ते विचारत.

टायपिंगवरून मला युरोपच्या टेबलावर आणलं ते आमचे हेडक्लार्क रिबेलो यांनी. मूळचे गोव्याचे, बोलायला कमी, पण टेबलावरची पेन्सिल कुणी हलवली तरी त्यांना कळे. मी वेळांची वजाबाकी कागद न घेता करते हे त्यांच्या लक्षात आलं. त्यात माझी काही हुशारी नव्हती. आमच्या वडिलांनी पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेतली होती, आणि हिंदुस्थानचं घड्याळ जगाच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास पुढे असल्यामुळे या धंद्यात निमकीवाचून पान हलत नाही. ज्यांना अर्ध्याचे पाढे येत नव्हते, ते बोटं मोजत बसायचे.

आता धंदा काय होता ते सांगते. आमच्याकडे दोन पुस्तकं होती. एक, जगभरच्या विमानांच्या वेळांचं. ते दर महिन्याला परदेशातून येई, उशीएवढं जाड असे आणि त्यातली अक्षरं मुंगीएवढी. दुसरं, अंतरांचं. तिकिटाचा दर ठरलेला असे आणि त्या दरात प्रवाशाला काही मैलांची मुभा असे. बंगळूरहून लंडनला जाणाऱ्याने सरळच जायला हवं असं नाही. ठरलेल्या मैलांच्या आत बसत असेल तर वाटेत रोम बघा, झुरिक बघा, पॅरिस बघा, तिकीट तेच. ते मैल जुळवणं हे आमचं काम.

ही गोष्ट एकदा विमान कारखान्यातल्या इंजिनियर मंडळींना कळली, आणि मग काय विचारता. प्रशिक्षणाला जायचं इंग्लंडमधल्या एका गावी, पण टेबलासमोर बसून युरोपचा नकाशा भाजीच्या टोपलीसारखा चिवडायचे. एक गृहस्थ तर व्हिएन्नासाठी अडून बसले. मैल तीसनं जास्त होत होते. मी सांगितलं, होत नाही. ते म्हणाले, "स्वल्प अड्जस्ट माडि, अक्का," थोडं जमवून घ्या म्हणे. मी म्हटलं, व्हिएन्ना मी तीस मैल अलीकडे कशी सरकवू? त्यांनी खरोखरच क्षणभर विचार केला.

पण खरी गंमत वेळांची. पुस्तकात प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. विमान सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची, पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. दोन्हींची वजाबाकी केली तर येतं ते उत्तर प्रवासाच्या वेळेचं नसतं. त्यातून त्या काळी लंडनची आणखी एक भानगड होती. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ झुरिकच्या मागे एक तास. उन्हाळ्यात इंग्रज आपलं घड्याळ एक तास पुढे करत, पण झुरिकवाले करत नसत, त्यामुळे उन्हाळ्यात दोघांची वेळ एकच. लंडन ते झुरिक अंतर पाचशे मैलांना थोडं कमी, आणि विमानाला लागायचे एक तास पस्तीस मिनिटं, बारा महिने. मात्र घड्याळात बघाल तर हिवाळ्यात जाताना अडीच तासांच्या वर दिसत आणि येताना जेमतेम अर्धा तास.

हे मी एका निवृत्त मामलेदारांना अर्धा तास खर्चून समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग असं करा, मला जातानासुद्धा येतानाचंच विमान द्या."

दुसरी जात राहुकाळवाल्यांची. बंगळूरमध्ये राहुकाळ टाळून घराबाहेर पडणारे पुष्कळ. पण परक्या देशातलं विमानही राहुकाळात सुटता कामा नये म्हणणारे माझ्या टेबलावर आठवड्याला एक-दोन तरी येत. राहुकाळ कुठला धरायचा, इथला की तिथला, यावर माझ्यासमोर बापलेकांची भांडणं झालेली आहेत. मी दोन्ही टाळून द्यायची. रिबेलो ख्रिस्ती माणूस, पण वारावारचा राहुकाळ त्यांनी मला टाइप करून टेबलाच्या काचेखाली लावायला लावला होता. गिऱ्हाइकाचा देव तो आपला देव, असं त्यांचं म्हणणं.

गोपाळराव याच जातीचे. पण त्यांची गोष्ट सांगायची म्हणजे माझ्या चुकीची गोष्ट सांगायला हवी. तीस वर्षांत मोठी म्हणावी अशी चूक माझ्या हातून एकदाच झाली, ती ही.

गोपाळराव मल्लेश्वरमचेच, आमच्या घरापासून दोन रस्ते सोडून. कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. धाकट्या भावाच्या मागे त्याचा संसारही त्यांनीच चालवलेला. त्या भावाची बायको सुंदराबाई. आमची सगळी आळी त्यांना सुंदराक्का म्हणे. साठीच्या दशकाच्या मध्याला एकदा गोपाळराव त्यांना घेऊन आमच्या कचेरीत आले. सुंदराक्कांचा थोरला मुलगा वामन हॅम्बुर्गला नोकरीला होता आणि त्याची बायको बाळंत व्हायची होती. आईनं चार-पाच महिने यावं असं त्याचं पत्र होतं. गोपाळरावांनी पंचांग टेबलावर ठेवलं आणि मी मार्ग आखला. मुंबईहून विमान, मंगळवारी सकाळी सव्वानऊला झुरिक, तिथं विमान बदलून साडेअकराला हॅम्बुर्गकडे. दुसरं विमान संध्याकाळी चारला होतं, पण मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाळ, म्हणून ते बाद. सुंदराक्का सगळा वेळ पदर सावरून गप्प बसून होत्या. विमानात बसायची त्यांची पहिलीच वेळ, त्यामुळे घाबरल्या असतील असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्याच आल्या. बाजारात जाते असं घरी सांगून आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "वेणू, त्या झुरिकपासून लंडन किती लांब गं?"

मी मैल सांगितले. मग त्यांना मैलांचा अंदाज येईना म्हणून सांगितलं, दीड तास, इथून आगगाडीनं म्हैसूरला जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग त्यांनी मला सांगितलं ते आळीत सगळ्यांना अर्धवट माहीत होतं.

त्यांचा धाकटा मुलगा श्रीपाद लंडनला शिकत होता. तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठात त्याचे वडील अचानक गेले. तार गेली. त्याच आठवड्यात त्याची शेवटची परीक्षा होती. तो परीक्षेला बसला, आला नाही. क्रियाकर्म वामननं केलं. गोपाळरावांनी तेराव्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, बापाच्या दहाव्याला जो आला नाही त्याचं नाव या घरात काढायचं नाही. त्याची पत्रं येत ती न फोडता परत जात. वामनही काकांच्या बाजूचा. सुंदराक्कांना लिहायला येई ते कन्नडच, परदेशचा इंग्रजी पत्ता घालता येत नसे, आणि घरातलं टपाल गोपाळरावांच्या हातून जाई. तीन वर्षांत मुलाला त्यांचा एक शब्द गेला नव्हता.

"त्याचे वडीलच म्हणाले असते, आधी परीक्षा दे," त्या म्हणाल्या. "पण हे मी कुणाला सांगू? मला एकदा त्याचं तोंड बघायचंय, वेणू. घटकाभर चालेल."

मी सांगितलं, बघते. खरं तर मला तिथल्या तिथे दिसलंच होतं. लंडनहून सकाळी नऊला एक विमान झुरिकला येत होतं. एक तास पस्तीस मिनिटं, म्हणजे दहा पस्तीसला उतरणार. सुंदराक्कांचं विमान साडेअकराला. विमानं बदलणाऱ्यांसाठी विमानतळावर एक मोठी खोली असते. तिच्याबाहेर पाऊल टाकलं नाही तर त्या देशाचा व्हिसा लागत नाही. श्रीपादनं जाऊन-येऊन तिकीट काढायचं, त्या खोलीत आईला भेटायचं आणि दुपारच्या विमानानं लंडनला परत जायचं. भेट पाऊण तासाची. गोपाळरावांच्या कागदावर एक अक्षरही बदलायचं नव्हतं.

गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही, हा आमच्या कचेरीचा पहिला नियम. तो मी त्या दिवशी मोडला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी सुंदराक्कांच्या वतीनं श्रीपादला हवाईपत्र लिहिलं. तारीख, वार, वेळा, खोली, सगळं. खाली लिहिलं, लंडन ते झुरिक दीड तास, नऊला निघ म्हणजे साडेदहापर्यंत पोहोचशील. उत्तराचा पत्ता आमच्या कचेरीचा दिला. आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं. त्यात एवढंच होतं, "येतो. आईला सांगा." सुंदराक्कांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि माझ्याकडेच ठेवायला दिलं.

प्रवास ठरला होता दसऱ्यानंतरच्या मंगळवारी. पण जायला आठवडा असताना गोपाळरावांना कुणीसं सांगितलं की त्या दिवसांत योग बरा नाही. शिवाय दिवाळी तोंडावर आली आहे, वडीलधाऱ्या बाईनं दिवाळी घरात करून निघावं. गोपाळराव पंचांग घेऊन परत आले. नवी तारीख काढली, दिवाळीनंतरचा मंगळवार. वार तोच धरला, म्हणजे राहुकाळाचं गणित नव्यानं करायला नको. मी मुंबईचं आणि हॅम्बुर्गचं विमान नव्या पुस्तकात बघून घेतलं. हिवाळ्याच्या पुस्तकातही त्या वेळा तशाच होत्या. लंडनचं नऊचं विमानही होतं, तेही नऊलाच. मी समाधानानं पुस्तक मिटलं आणि श्रीपादला दुसरं हवाईपत्र टाकलं. तारीख बदलली आहे, वार तोच, मंगळवार, बाकी सर्व पूर्वीप्रमाणे.

ते "बाकी सर्व पूर्वीप्रमाणे" लिहिताना माझा हात जरासुद्धा थबकला नाही. दसरा आणि दिवाळीच्या मध्ये, ऑक्टोबरच्या अखेरच्या एका रविवारी, इंग्रजांनी आपली घड्याळं मागे केली होती. जी गोष्ट मी मामलेदारांना अर्धा तास समजावली होती, तीच मी विसरले. सुटण्याची वेळ पाहिली, पोहोचण्याची पाहिलीच नाही. म्हटलं ना, दीड तास मला तोंडपाठ होता.

सुंदराक्का ठरल्याप्रमाणे निघाल्या. मंगळवारी मी कचेरीत आले तीच खुशीत. डब्यातला दहीभात खाऊन पावणेतीनच्या सुमारास कामाला बसले. एका प्राध्यापकांना नोव्हेंबरच्या अखेरीला लंडनहून पॅरिसला जायचं होतं. मी पुस्तकात बोट ठेवलं आणि सवयीनं एक तास मिळवला, हिवाळा म्हणून. आणि बोट तिथंच राहिलं.

आपल्याकडे पावणेतीन म्हणजे लंडनला सव्वानऊ. श्रीपादचं विमान पंधरा मिनिटांपूर्वी सुटलं होतं. ते झुरिकला उतरणार तिथल्या अकरा पस्तीसला. सुंदराक्कांचं विमान साडेअकराला. त्या तासाभरापूर्वीच उतरून त्या खोलीत बसल्या होत्या, आणि साडेदहापासून दाराकडे बघत राहणार होत्या.

मी उठून रिबेलोंकडे गेले आणि सगळं सांगितलं, पत्रासकट. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी पेन्सिल उचलली, मुलाच्या आणि आईच्या विमानांचे नंबर विचारून लिहून घेतले आणि कोट चढवला. आमच्या कचेरीत टेलिप्रिंटर नव्हता. रस्त्याच्या पलीकडे एका विमान कंपनीच्या कचेरीत होता, पण तो मुंबईशी बोले. झुरिकला निरोप जायचा तो मुंबईमार्फत. रिबेलोंनी निरोप लिहिला. या नावाच्या बाई, त्यांचा मुलगा पुढच्या विमानानं येत आहे, त्यांना संध्याकाळच्या विमानात जागा द्यावी. निरोप गेला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चारपर्यंत आम्ही तिथल्या बाकावर बसून राहिलो. मुंबईकडून उत्तर नाही. चार वाजले, म्हणजे झुरिकला साडेअकरा झाले. रिबेलो उठले, म्हणाले, "चल, कचेरी आहे." त्या दिवशी मी बाकीची सगळी तिकिटं दोन-दोनदा तपासली. चोर सुटून गेल्यावर कुलूप लावण्यातला प्रकार.

दुसऱ्या दिवशी मुंबईचं उत्तर आलं. काल फार गर्दी होती, निरोप संध्याकाळी पुढे पाठवला. म्हणजे काही उपयोग झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी गोपाळराव आले, हातात वामनची तार. आई दुपारच्या विमानातून उतरल्याच नाहीत, रात्रीच्या आत पोहोचल्या, संध्याकाळच्या विमानानं. वामन विमानतळावर पाच तास बसून. गोपाळराव सरळ मालकांच्या खोलीत गेले आणि मला आत बोलावणं आलं. त्यांचा सवाल असा, की बाईंचं विमान चुकलं कसं, आणि त्याहून मोठा सवाल असा, की त्या राहुकाळात विमानात बसल्या कशा.

मला स्वतःलाच उत्तर ठाऊक नव्हतं. निरोप पोहोचला नव्हता, मग त्या राहिल्या कशा? गोंधळून चुकीच्या दाराशी जाऊन बसल्या असतील? श्रीपाद त्यांना भेटला असेल की त्याआधीच कुणी त्यांना दुसरीकडे नेऊन बसवलं असेल? पण गोपाळरावांना काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "वेळा जुळवण्यात चूक झाली. चूक माझी." हे खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. गोपाळराव माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आपल्या आळीतली म्हणून तुझ्याकडे आलो होतो, अम्मा." मालकांच्या रागापेक्षा ते मला जास्त लागलं. रिबेलो दाराशी उभे होते. ते काही बोलले नाहीत, आणि मी त्यांना डोळ्यांनी तेच सांगितलं होतं.

मालकांनी मला युरोपच्या टेबलावरून काढून खाली रेल्वेच्या टेबलावर बसवलं. झुरिक, कोपनहेगन गेलं आणि अर्सीकेरे, हुबळी, गुंतकल आलं. तिथं घड्याळ एकच, चुकायला वाव नाही. मला अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ती भेट झाली की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. हॅम्बुर्गला पत्र लिहावं तर ते वामनच्या हाती पडणार. श्रीपादला लिहावं तर काय लिहू, की तुझी आई तुला दिसली का? तीन वर्षांनी पाऊण तास मिळत होता आणि तो मी घालवला, हे मनात घेऊन मी चार महिने हुबळीची तिकिटं फाडली.

युगादीला, म्हणजे पाडव्याला, आठवडाभर असताना, सकाळी दहाच्या सुमाराला, रेल्वेच्या टेबलासमोरच्या रांगेत सुंदराक्का उभ्या दिसल्या. रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबल्या. मग समोर बसल्या. थोड्या गोऱ्या झाल्या होत्या, अंगावर लोकरीची जाड शाल होती, बंगळूरच्या चैत्राच्या तोंडावर. "नातू झाला," म्हणाल्या. मी बरं झालं म्हटलं.

त्यांनीच सांगायला सुरुवात केली. झुरिकला उतरल्यावर एका बाईनं त्यांना खोलीत आणून बसवलं. साडेदहा झाले, श्रीपाद आला नाही. अकरा झाले. भिंतीवरच्या घड्याळाखालीच त्यांची खुर्ची होती. सव्वाअकराला ती बाई परत आली आणि खुणेनं म्हणाली, चला, विमान लागलं. सुंदराक्का बसूनच राहिल्या. बाईनं तिकीट हातात घेऊन दाखवलं, दाराकडे बोट केलं. मग आणखी एक माणूस आला. त्यांना वाटलं म्हातारीला कळत नाही.

"मला सगळं कळत होतं," सुंदराक्का म्हणाल्या. "पण मी उठलेच नाही. कन्नडमध्ये सांगितलं त्यांना, माझा मुलगा येणार आहे. मराठीत पण सांगितलं. त्यांना काय कळलं देव जाणे. शेवटी हात जोडले. मग ती बाई माझ्याकडे एकदा बघून निघून गेली."

मी विचारलं, भीती नाही वाटली? तो येणारच नसता तर?

"दीड तासाचं अंतर तू लिहिलं होतंस ना," त्या म्हणाल्या. "तेवढं अंतर यायला माझ्या पोराला तीन वर्षं लागली. त्यात आणखी एक तास. आयुष्यभर मला म्हणाले ऊठ, मी उठले. त्या दिवशी म्हटलं, आता नाही."

बारा वाजायच्या आत श्रीपाद धावतच दारातून आला. आधी पाया पडला, मग तिथंच जमिनीवर बसला. साडेतीनपर्यंत दोघं बोलत होती. घरून नेलेल्या चकल्या त्यानं सगळ्या खाल्ल्या. चारच्या विमानासाठी त्यानं आईला दारापर्यंत पोहोचवलं. "राहुकाळातच बसले," सुंदराक्का म्हणाल्या, "राहू तिथवर गेला नसेल बहुतेक." एवढं बोलून त्या हसल्या, आणि मला मात्र रडू आलं. रांगेतले लोक बघायला लागले. मी पदरानं डोळे पुसले आणि चूक कबूल करायला तोंड उघडलं, पण त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ते असू दे. वेणू, लंडनहून बंगळूर किती तास गं?"

त्या म्हणाल्या, ज्येष्ठात त्याच्या वडिलांचं श्राद्ध आहे, या वर्षी ते श्रीपाद करणार. मी हळूच विचारलं, आणि भावोजी?

"काल सांगितलं मी त्यांना. झुरिकचंसुद्धा सगळं सांगितलं. जेवायला वाढता वाढता सांगितलं. ताटावरून उठून गेले. मग स्वल्प वेळानं परत येऊन बसले, म्हणाले, ताक वाढ." त्यांनी शाल सारखी केली. "सरी, बरं म्हणायचं आणि पुढं चालायचं."

युरोपचं पुस्तक वरच्या टेबलावर होतं आणि तिथं आता दुसरंच कुणी बसत होतं. मी रांगेतल्या माणसांना थांबा म्हटलं आणि जिन्याकडे निघाले. सुंदराक्कांनी मागून हाक मारली. मी वळले. त्या खुर्चीवरून उठलेल्या नव्हत्या, तशाच बसून माझ्याकडे बघत होत्या.

"वेणू," त्या म्हणाल्या, "या वेळेला त्यांचं घड्याळ तेवढं नीट बघ."